शिशातली चांदी आणि माणदेशाची माणसे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या जमिनीत चांदी नाही आणि शिसेही नाही. कधी काळी होते आणि उपसून संपले, असेही नाही. ते तेथे कधी नव्हतेच. तरीही या जिल्ह्यांच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला माणूस, म्हणजे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतला माणूस, आज देशभरच्या सराफकट्ट्यांच्या मागल्या गल्ल्यांतून भट्टी पेटवून बसलेला आढळतो. जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणे हा त्याचा धंदा. या धंद्याला गलाई म्हणतात. ज्याच्या मातीत चांदीचा कण नाही त्याच्या हाती देशाची चांदी शुद्ध होते. आणि ज्यांनी डोंगर फोडून चांदी बाहेर काढली त्यांच्यासारख्यांच्या बायकांनी चांदीचा दागिना घालू नये, असा हुकूम या देशात निघतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की चांदीचा इतिहास केवळ राजांच्या नाण्यांवरून वाचून भागत नाही, हे ध्यानात येते. तो खडकापासून वाचावा लागतो.

आपला खडक आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. त्याचा पाटा होतो, जाते होते, उखळ होते. घडवणारे हात वडार-पाथरवटांचे आणि दळणारे हात आपल्या आयांचे. भूगर्भशास्त्र या काळ्या दगडाला बेसाल्ट म्हणते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस उतू गेला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, असे होत होत महाबळेश्वरच्या बाजूला या थरांची उभी जाडी सुमारे बाराशे मीटर झाली. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या हे थरच होत.

चांदी तशी पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे आहे. पण सरासरीने पाहिले तर एक टन खडकात ग्रॅमचा दहावा हिस्साही भरत नाही. ती माणसाच्या उपयोगी पडायची तर निसर्गाने आधी ती एका जागी गोळा करावी लागते. हे काम बहुधा खोल जमिनीतले गरम, खारट पाणी करते. ते खडकांच्या चिरांतून लाखो वर्षे झिरपत राहते, वाटेतले धातू विरघळवून घेते आणि जेथे त्याची गाठ गंधकाशी व योग्य खडकाशी पडते तेथे तो भार टाकून देते. आपल्या लाव्हाच्या थरांतूनही गरम पाणी फिरले, नाही असे नाही. बेसाल्टच्या पोकळ्यांत जे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक सापडतात ते त्याच पाण्याचे देणे. पण त्या पाण्याजवळ शिसे-चांदीचे भांडवल नव्हते. स्फटिक मिळाले, धातू मिळाला नाही.

या खडकाने सातारकरांना एकच धातू दिला, तो लोखंड. तोही थेट नव्हे. डोंगरमाथ्यावर लाखो वर्षे पाऊस कोसळला, त्याने बेसाल्टमधील विरघळणारे सारे धुऊन नेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांनी भरलेला तांबडा जांभा उरला. महाबळेश्वर आणि यवतेश्वर या डोंगरांवर धावड नावाचा मुसलमान समाज हा जांभा वेचून, लाकडाच्या कोळशावर वितळवून लोखंड काढीत असे. पुढे हा धंदा बसला. इंग्रजी गॅझेटियर सांगते की सरपण महागले आणि लोखंड स्वस्त झाले, म्हणून काम परवडेनासे झाले. या वाक्यात कर्ता नाही, ही गोष्ट वाचकाने लक्षात घ्यावी. सरपण आपोआप महागत नसते. १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली आणि कोळसा पाडणारा माणूस एका दिवसात चोर ठरला. लोखंडही आपोआप स्वस्त होत नसते. ते विलायतेच्या गिरण्यांतून आगबोटीने आणि आगगाडीने आले. साताऱ्याची बंद पडलेली खाण म्हणायची तर हीच. ती धातू संपल्यामुळे पडलेली नाही.

चांदीची खाण पाहायची तर मात्र येथून सातशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला, मेवाडात जावे लागते. उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, टिडी नदीच्या काठी जावर नावाचे गाव आहे. तेथील डोंगर अरवलीचे. आपला बेसाल्ट ज्या काळी जन्मलाही नव्हता त्याच्याही कितीतरी आधीचे, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे. एके काळच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला डोलोमाइट नावाचा चुनखडीच्या जातीचा दगड, आणि त्याच्या थरांत व चिरांत बसलेली शिसे आणि जस्त यांची गंधकयुक्त खनिजे, अशी तेथील रचना आहे. शिशाच्या या खनिजाला गॅलेना म्हणतात. राखाडी, चकचकीत, हातात घेतला तर आकाराच्या मानाने फारच जड, आणि फोडला तर चौकोनी ठोकळ्यांत फुटणारा असा हा दगड. डोळ्यांत घालायचा सुरमा म्हणून जे विकतात ते पुष्कळदा याच दगडाचे पीठ असते. त्यात शंभरात शहाऐंशी भाग शिसे असते. उरलेला बहुतेक भाग गंधकाचा. आणि चांदी? ती डोळ्याला दिसत नाही. शिशाच्या पोटात टनाला काही ग्रॅमपासून काही वेळा किलोपर्यंत ती लपलेली असते. जगातील पुष्कळशी चांदी चांदीच्या खाणीतून आलेली नसून शिशाच्या खाणीतून आलेली आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात क्वचित सांगतात.

जावरच्या जुन्या खाणींत सापडलेल्या लाकडा-कोळशाचे वय काढले तेव्हा ते सुमारे चोवीसशे वर्षांपर्यंत मागे गेले. म्हणजे मौर्यांच्याही आधी. मेवाडातच दरीबा येथे जुन्या खाणीत लाकडी आधारांच्या भिंती सापडल्या आहेत आणि भिलवाडा जिल्ह्यात आगूचा येथे शिशापासून चांदी वेगळी केल्याच्या खुणा. सुरुंगाची दारू नव्हती तेव्हा हा कठीण दगड फोडला कसा? आगीने. खाणीच्या तोंडाशी, मग आत, आणखी आत लाकडे रचून पेटवायची. दगड तापला, तडकला की छिन्नी आणि हातोडा घेऊन तो उतरवायचा. अशा खाणीच्या भिंती धारदार राहत नाहीत, त्या गोलसर, गुळगुळीत होतात आणि काजळीने काळ्या पडतात. आता ज्या बिळातून माणूस धड वाकूनही जाऊ शकत नाही अशा बिळात ओली-सुकी लाकडे वाहून नेणे, ती पेटवणे, गंधकाचा धूर भरलेल्या त्या पोकळीत पुन्हा शिरणे आणि तापला दगड डोक्यावरून बाहेर आणणे, याचा विचार वाचकाने स्वतःच करावा.

हे काम कोण करीत होते, याबद्दल कौटिल्याचे अर्थशास्त्र अगदी थंडपणे बोलते. खाणी राजाच्या. खनिज चोरणाऱ्याला आणि परवान्याशिवाय खाण चालवणाऱ्याला बांधून कामाला लावावे, तसेच दंड भरू न शकणाऱ्याकडून त्या बदल्यात काम करून घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. ज्याच्यापाशी दंडाचे नाणे नाही त्याने नाण्याचा धातू काढावा, असा हा न्याय. त्याच ग्रंथात चांदी शुद्ध करताना चौथा हिस्सा शिसे घालावे, असेही सांगितले आहे. ही कृती पुढे येणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मध्ययुगात जावरला आणखी एक मोठी गोष्ट घडली. जस्त हा विचित्र धातू आहे. खनिजातून तो सुटतो तेव्हा भट्टीची उष्णता हजार अंशांच्या वर गेलेली असते, आणि हा धातू तर ९०७ अंशांनाच उकळून वाफ होतो. हवा लागली की ती वाफ जळून पांढरी भुकटी होते. म्हणून जगात पुष्कळ ठिकाणी पितळ होते, पण सुटे जस्त कोणाला साधत नव्हते. जावरच्या लोकांनी मातीच्या, वांग्याच्या आकाराच्या मुशी केल्या, त्यांत खनिज भरले, तोंडाला नळी बसवली आणि मुशी उलट्या टांगल्या. वर आग, खाली गारवा. वाफ नळीतून खाली उतरून थंड भांड्यात धातू होऊन जमे. मूस उलटी करताना आतला माल पडू नये म्हणून नळीत एक काडी खोचीत. आगीत ती जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. या एका काडीत किती पिढ्यांचे निरीक्षण आहे! १९८३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या संशोधकांनी येथे खोदकाम केले तेव्हा एकेका भट्टीत सहा ओळींत सहा अशा छत्तीस मुशी जागच्या जागी मिळाल्या. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने अशाच प्रकारे खाली उतरवून जस्त काढण्याचे पेटंट १७३८ साली घेतले. आपल्याकडे रसरत्नसमुच्चय या ग्रंथात वृन्ताकमूषा म्हणजे वांग्यासारखी मूस वर्णिली आहे. ग्रंथ लिहिणाऱ्याला रसाचार्य म्हणतात. मूस घडवणाऱ्याला काय म्हणत?

जावरच्या देवळात महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई हिचे नाव कोरलेले आहे. देऊळ १४९७ चे. महाराणा लाखा याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस कथिल आणि चांदीच्या खाणी शोधून काढल्या, असे कर्नल टॉड लिहितो. त्याने जस्ताला कथिल म्हटले ही लहान बाब. पण दोन हजार वर्षे ज्या डोंगरात माणसे राबली तो डोंगर राजाने 'शोधला' म्हणावे, ही लहान बाब नव्हे. राबणाऱ्यांची नोंद दुसरीकडे आहे. वापरून झालेल्या लाखो मुशींचे ढीग गावाभोवती पसरले आहेत आणि जुन्या जावरच्या घरांच्या भिंती विटांऐवजी याच मुशींनी बांधलेल्या आहेत. लेखणी हाती नसलेल्यांनी ठेवलेला दस्तऐवज असा असतो. तो वाचायला विद्वान १९८३ साली पोहोचले.

१८१२-१३ च्या दुष्काळाच्या सुमारास जावरचे काम बंद पडले. माणसे मेली, पांगली, आणि मुशीत काडी खोचण्याची विद्या त्यांच्याबरोबर गेली. कारण ती कागदावर नव्हती. पुढे शंभराहून अधिक वर्षे हा डोंगर ओसाड होता. १९४० नंतरच्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने तेथे पुन्हा खाण उघडली, १९६६ मध्ये ती सरकारी हिंदुस्थान झिंककडे आली आणि २००२ मध्ये सरकारने या कंपनीचा ताबा खाजगी उद्योगाला विकला. आजूबाजूचा मुलूख भिल्ल-मीणा आदिवासींचा आहे.

आता शिसे आणि चांदी आपल्याकडे कशी पोहोचली ते पाहू. सातवाहनांच्या काळी दख्खनेत शिशाची नाणी चालत. कोल्हापूरच्या कुर राजांची जाडजूड शिशाची नाणी प्रसिद्ध आहेत. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात जी बौद्ध लेणी आहेत ती साधारण याच काळातील दख्खनची. शिसे बाहेरूनच येणार. रोमचा प्लिनी लिहितो की हिंदुस्थानात तांबे नाही आणि शिसे नाही, ते तेथले लोक रत्ने-मोती देऊन विकत घेतात. त्याला मेवाडची वार्ता नव्हती, हे उघड आहे. पण पेरिप्लस या प्रवासवृत्तातही भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथिल, शिसे आणि चांदीची रोमन नाणी आहेत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. राजा बदलला तरी चांदी तीच राहिली. चांदीचा हा स्वभाव आहे. ती झिजते, पण संपत नाही. पुन्हा वितळते, पुन्हा छाप घेते. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजीचे तोडे असतील तर त्यात कोणत्या खाणीची चांदी आहे हे कोणीही सांगू शकणार नाही.

हा पुन्हा वितळण्याचा गुण म्हणजेच गलाईचे मूळ. दागिना चांदीचा म्हटला तरी त्यात तांबे असते, डाग दिलेला असतो, कधी कथिल असते. हे सारे चांदीपासून वेगळे कसे करायचे? येथे शिसे पुन्हा उपयोगाला येते. खनिजात चांदीला पोटात घेऊन बसलेले शिसे भट्टीत तिचा मळ पोटात घेते. राखेची, पूर्वी बहुधा हाडांच्या राखेची, खोलगट वाटी करायची. त्यात अशुद्ध चांदी आणि शिसे एकत्र वितळवायचे आणि वरून भात्याने वारा घालायचा. शिसे हवेशी लगेच संयोग पावते आणि त्याचे मुरदाडशिंग होते. हे पातळ मुरदाडशिंग तांबे व इतर हलके धातू यांचेही जळलेले रूप आपल्यात ओढून घेते आणि राखेत मुरते, थोडे धूर होऊन जाते. चांदी हवेला दाद देत नाही. ती वाटीत उरते. शेवटचा शिशाचा पापुद्रा फाटतो त्या क्षणी मळकट दिसणारा गोळा एकाएकी लखकन उजळतो. जाणता कारागीर त्या चमकीवर नजर ठेवून असतो, कारण तिच्या आधी आग काढली तर मळ राहतो आणि नंतर रेंगाळले तर चांदी उडते. कौटिल्याचा चौथा हिस्सा शिसे तो हाच. आगूच्याच्या जुन्या भट्टीत आणि सराफकट्ट्याच्या मागल्या खोलीत रसायन एकच आहे.

माणदेशाचा माणूस या आगीपाशी कसा आला, ते पर्जन्यमानात लिहिलेले आहे. एकाच बेसाल्टवर पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण-आटपाडीत जेमतेम पाचशे. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. येथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सहा महिने शेतात आणि सहा महिने परमुलखात राहिला. मुंबईच्या गिरण्या, पलटण, हमाली, आणि विसाव्या शतकात गलाई. एकजण गेला, त्याने भावाला नेले, भावाने मेहुण्याला. असे करीत पंजाबपासून केरळापर्यंत आणि बंगालपर्यंत गावेच्या गावे पांगली.

पण त्याच्याही आधी माणदेशाची चांदी दुसऱ्या एका भट्टीत गेली होती, आणि ती भट्टी सरकारी होती. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावे, थोडी घट कापून तिचे रुपये करून घ्यावेत, अशी रीत होती. रुपया म्हणजे एक तोळा वजनाची चांदी, अकरा भाग शुद्ध आणि एक भाग हीण. म्हणून बाईच्या अंगावरचे वाळे-तोडे हे दागिनेही होते आणि रुपयेही होते. अमेरिकेतील नेवाडात १८५९ पासून प्रचंड चांदी निघाली, जर्मनीने १८७० नंतर सोन्याचे चलन धरले, चांदीचा जगात भाव कोसळला आणि सुमारे दोन शिलिंगांचा रुपया एक शिलिंग तीन पेन्सांच्या आसपास आला. विलायतेला सोन्यात देणी देणाऱ्या सरकारला हे जड गेले. २६ जून १८९३ रोजी टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. पुढे सरकारने रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर टिकवला, पण त्यातील चांदीची किंमत दहा पेन्सांच्या आसपास घसरली. हिशेब सरळ आहे. तोळाभर चांदी जी काल एक रुपया होती तिचे आता दहा-अकरा आणे होऊ लागले. लागलीच १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आला. शेतसारा रुपयांत भरायचा, धान्य रुपयांत घ्यायचे, आणि मोडायला घरात काय तर बायकोच्या हातातली चांदी. ती मोडताना जे पाच-सहा आणे गेले ते कोणी चोरले नाहीत. कायद्याने गेले.

याच दिवसांत साताऱ्यात एक मुलगा शाळेत जात होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील हायस्कुलात त्याचे नाव दाखल झाले. त्याचे वडील रामजी सकपाळ खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळाने मरणाऱ्या लोकांना काम देण्यासाठी सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. मसूर स्टेशनापासून गोरेगावपर्यंतचा मुलांचा तो बैलगाडीचा प्रवास आणि त्यातली तहान बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि ती आपल्या वाचकांना माहीत आहे. माहीत असूनही सहसा ध्यानात न येणारी गोष्ट अशी की वडील मजुरीचे पैसे सांभाळणारे होते. टाकसाळी बंद झाल्यावरचा तोच रुपया होता. या मुलाने पुढे लंडनमध्ये जो प्रबंध लिहिला त्याचा विषय रुपया हाच होता. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली प्रसिद्ध झाला. चलनाचा साठा सरकारच्या मर्जीने वाढू नये, कारण भाव चढले की त्याचा मार बसतो तो गरिबाला, हा त्यांच्या विवेचनाचा एक गाभा होता. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. अस्पृश्याने अस्पृश्यतेवर बोलावे आणि अर्थशास्त्र इतरांवर सोडावे, असे मानणाऱ्यांना हा ग्रंथ अजून अडचणीचा वाटतो.

चांदीचा पैशाशी असलेला संबंध असा. माणसाच्या प्रतिष्ठेशी असलेला संबंध याहून क्रूर आहे. १९२८ च्या जानेवारीत वृत्तपत्रात आलेली इंदूर संस्थानातील बलाई समाजाची हकीकत बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिली आहे. सवर्णांनी बलाईंना जी फर्माने काढली त्यांत त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, हेही होते. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावी अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांनी पाणी भरू लागल्या म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जावरच्या मुशीतून निघालेले जस्त पितळेत जाते आणि पितळेचा हंडा डोक्यावर घेतला म्हणून बाई मार खाते. आपल्याकडे प्रकार उलटा होता, पण बेत तोच होता. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की गळ्यात गळसऱ्यांचे ओझे आणि कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे गोठ-पाटल्या ही तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाका. पुष्कळ बायांनी ती टाकली. एका ठिकाणी धातू घालायला बंदी, दुसऱ्या ठिकाणी धातूच बेडी. कोणत्या अंगावर कोणता धातू शोभतो हे खडक ठरवीत नाही.

गलाईकडे परत येऊ. सोनारकाम ही जात मानली गेली. पण धातू शुद्ध करण्याचे तितकेच नाजूक काम माणदेशातल्या कुणब्याच्या, धनगराच्या पोराने एका पिढीत उचलले. कसब रक्तात असते म्हणणाऱ्यांना याचे उत्तर देता येत नाही. ते भट्टीपाशी बसून येते, बसू दिले तर. हा 'तर' मात्र मोठा आहे. या धंद्यात शिरायला भांडवलापेक्षा पाहुणा लागतो. लोक परक्याच्या हाती सोने देतात ते ओळखीच्या जामिनावर, आणि आपल्या समाजात ओळख बहुतेक वेळा जातीतून जाते. गावकुसाबाहेरच्या पोराच्या वाट्याला म्हणून मालकाच्या गादीपेक्षा भाता आणि कोळसा अधिक आला, असे माझे मत आहे.

त्या भात्यापाशी काय असते तेही सांगितले पाहिजे, कारण गावाकडे बांधलेल्या माडीवरून ते दिसत नाही. खोली लहान, बहुधा एकाच दाराची. सोने शुद्ध करताना एका भागाला तीन भाग चांदी मिसळून तो पत्रा तेजाबात टाकतात. तेजाब चांदीला विरघळवते, सोने तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहते. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी कापसासारखी सुटून खाली बसते. हे पाहायला सुंदर असते. पण तेजाबातून जो तांबूस धूर उठतो तो फुप्फुसांत शिरल्यावर लगेच काही वाटत नाही, काही तासांनी छातीत पाणी भरू लागते. शिशाचा धूर याहून गोगलगाईच्या पायाने येतो. त्याला वास फारसा नाही. तो रक्तात, मग हाडांत साठत जातो. पोटात कळा, अंगातून रक्त आटल्यासारखा अशक्तपणा, पुढे मनगट लुळे पडणे. मोठ्यांपेक्षा लहान मुलांना तो फार कमी मात्रेत बाधतो, आणि त्यांच्या मेंदूवर झालेला परिणाम भरून येत नाही. भट्टीच्या माळ्यावर बिऱ्हाड असेल, किंवा बाप कामाच्या कपड्यांनी घरी येऊन पोराला उचलून घेत असेल, तर शिसे घरात आले. तपासणी रक्ताची करायची असते, ती साध्या प्रयोगशाळेत होत नाही, आणि बहुतेकांना करून घ्यायची असते हेच माहीत नसते. १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची बाधा हा कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांत धरला होता. पण त्या कायद्याची सर्वसाधारण हद्द विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगारांपासून सुरू होत होती, आणि २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. तीन माणसांची भट्टी दोन्हींत कोठेच नाही. धुराडे उंच असावे, भट्टीवर वारा ओढणारा पंखा असावा, भट्टी व राहणे यांत भिंत असावी, जेवणापूर्वी हात-तोंड धुवावे आणि कामाचे कपडे तेथेच ठेवावेत, यांपैकी निम्म्या गोष्टींना खर्चही येत नाही.

काम संपल्यावर मुरदाडशिंगाने भिजलेली ती राखेची वाटी फेकत नाहीत. ती फोडून पुन्हा कोळशाबरोबर वितळवली की तिच्यातले शिसे परत मिळते, आणि ते पुढच्या गलाईला चालते. खोलीतली झाडलोटही कोणी फेकत नाही. तिच्यात चांदीची, सोन्याची कणी असते. ती विकली जाते आणि घेणारा झारेकरी असतो. तो किंवा त्याच्या घरच्या बाया ती राखुंडी गटाराच्या कडेला बसून पराती-पराती पाण्याने धुतात, हलके वाहू देतात, जड तळाशी धरतात. पाण्याबरोबर शिशाची माती बोटांना लागते. तासा-दोन तासांनी परातीच्या कडेला जे चकाकते ते चिमटीत मावते.